दोन बोटं माया

माझा जावई नियम उसवतो. स्वतःच करतो, स्वतःच उसवतो आणि वर हसतो. घरात चपला कुठे काढायच्या याचा त्याने नियम केला, तो आठ दिवस टिकला. टीव्ही कधी बंद करायचा याचा केला, तो तीन दिवस. कुणी तोंड पाडलं की याचा हात लगेच टाक्याकडे जातो. माणूस वाईट नाही. पण शिवणकामात हयात गेलेल्या बाईला असा माणूस बघवत नाही. एकच शिवण तीनदा उसवली की सुईची भोकं राहतात, मग कितीही इस्त्री फिरवा, ती दिसतातच. हे मी त्याला बारा वर्षं सांगते आहे. तो मान डोलावतो. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

खाली आमचं शिवणाचं दुकान आणि वर घर. वरच्या मजल्यावर लेक आणि जावई राहतात. घरजावई म्हटलं की लेकीला राग येतो, म्हणून मी ‘वरच्या मजल्यावर राहतात’ एवढंच म्हणते. जावई कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवतात, हा प्लास्टर ओतून त्यावर दात बसवतो. हात फार सुबक आहे, खोटं का बोला.

दुकानात मी, लेक आणि मास्तर. मास्तर म्हणजे आमचे कटर. तीस वर्षं आमच्याकडे कापतात, ऐकायला कमी येतं, आणि विचारायची सवय नाही. सकाळी आठला येतात, माप वही उघडतात, जे नवीन पान दिसेल ते कापायला घेतात. आमची वहीच तशी आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पण त्या वहीत चाळीस वर्षांत चुकीचा आकडा गेलेला नाही. पानावर वर गिऱ्हाईकाचा नंबर, खाली रकाने: छाती, खांदा, लांबी, बाही. नाव लिहीत नाही. नावं दोघांची सारखी असतात, मापं नसतात. माप बदललं तर जुन्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं, पेन्सिलीने. खोडरबर दुकानात येऊ देत नाही. पान फाडायचं नाही.

आता त्या खेळाचं सांगते.

रविवारी दुकान बंद असतं. कापायचं टेबल रिकामं असतं, आठ फूट लांब, वर घोंगडी ताणलेली, एका कडेला पितळी पट्टी ठोकलेली. घरात एवढं मोठं दुसरं टेबल नाही, म्हणून जेवणं झाली की जावई तिथे खेळ मांडायचा. माझ्याच खडूने घोंगडीवर डोंगर, गुहा, पूल काढायचा. खेळणारे प्रत्येकजण एकेक मनातला माणूस घेतात, कुणी तलवारवाला, कुणी जादूवाली. जावई गोष्ट सांगत जातो: आता लांडगा आला, आता पूल तुटला. मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. प्रत्येकाला जीव मोजून मिळतो, आकड्यात. तलवार लागली की चार गेले, वरून पडलं की सहा गेले. शून्य झालं की मेला. एवढाच खेळ. चार-चार तास चालतो.

खेळायला लेक, समोरचा औषधवाला आणि औषधवाल्याचा भाऊ असायचे. भावाची बदली झाली आणि एक जागा रिकामी राहिली.

“आई, फक्त एक रविवार,” जावई म्हणाला.

“मला तुमच्या त्या पोथ्या वाचता येणार नाहीत.”

“वाचायचं काही नाही. फासा टाकायचा.”

“ये गं आई,” लेक म्हणाली, “नाहीतरी वर बसून खिडकीतून लोकांच्या शिवणीच बघतेस.”

बसले. जावयाने एक छापील कागद पुढे केला, त्यावर माझ्या माणसाचे आकडे भरायचे होते. सुटे कागद माझ्याकडे चालत नाहीत, सुटे कागद हरवतात. मी माप वही ओढली, कोरं पान काढलं.

“नाव काय ठेवता?” औषधवाल्याने विचारलं.

“नंबर पुरे. आठशे बारा.” पुढचा नंबर तोच होता.

जावई सांगत गेला, मी लिहीत गेले. जीव चाळीस. चिलखत सतरा. चाल तीस. रकाने तयार होते, नवे आखत कोण बसणार? चाळीस पहिल्या रकान्यात लिहिले, सतरा दुसऱ्यात, तीस तिसऱ्यात. बाहीचा रकाना कोरा राहिला. लेकीने स्वतःच्या जादूवालीचे जीव छत्तीस ठेवले. ते तिचं स्वतःचंच छातीचं माप. तिला दुसरा आकडा सुचला नाही, एवढी ती हौशी.

त्या दिवशी माझ्या माणसाला लांडगा चावला आणि पाच जीव गेले. मी रेघ मारायला पेन्सिल उचलली तर जावई म्हणाला, राहू द्या, रात्री तुम्ही धर्मशाळेत झोपलात, सकाळी परत चाळीस.

मी पेन्सिल खाली ठेवली. “मला सुई टोचली तर दोन दिवस बोट ठणकतं. तुमचा माणूस लांडग्याने फाडला आणि एका झोपेत भरून आला?”

“असं असेल तर मी दुकान बंद करून घरी झोपतो,” औषधवाला म्हणाला.

“खेळाचा नियमच तसा आहे, आई.”

“मग कुणी मरतच नाही म्हणा की. उगाच फासे कशाला वाजवता?”

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, “ठीक आहे. पुढच्या रविवारपासून आपल्या घरचा नियम. गेलेला जीव झोपून परत येणार नाही.”

“मग कशाने येणार?”

“कशानेच नाही.”

“केलात ना? आता हा तरी उसवू नका,” मी म्हटलं.

वही तिथेच टेबलावर उघडी राहिली. चूक झाली ती एवढीच, आणि ती माझी होती.

सोमवारी मी अकराला खाली आले तर टेबलावर राखी रंगाचा कोट कापून पडलेला. मास्तर कच्चे टाके घालत होते.

“हा कुणाचा?”

“आठशे बारा. कापड लिहिलं नव्हतं, म्हणून कपाटातला राखी घेतला. बाही खांद्यावरून धरली.”

मी कपाळावर हात मारला. “मास्तर, तो खरा माणूस नाही. खेळातला आहे.”

मास्तरांनी कान पुढे केला. “खेळणारा आहे? मग काखेत जरा मोकळा ठेवतो.”

चांगल्या कापडाची नासाडी झाली. मास्तरांना काय बोलायचं ते बोलले, त्यांनी ऐकलं नाही, कोट पूर्ण जोडला आणि आतल्या हुकावर टांगला. चाळीस छाती, सतरा खांदा, तीस लांबी. आलाच कुणी त्या मापाचा तर देऊन टाकू म्हटलं.

दुपारी तीनला दुकानात कुणी नसतं. लेक वर गेलेली असते, मास्तर मागे डुलकी काढतात. त्याच दिवशी, त्या वेळी तो आला. पंचेचाळिशीचा असेल. केस ओले करून बसवलेले, बुटांवर धूळ. दारात थांबून पाय पुसले, हे माझ्या लक्षात राहिलं, कारण पाय कुणी पुसत नाही.

“आठशे बारा,” तो म्हणाला. “ट्रायलला आलोय.”

मला वाटलं, जावयाने कुणी मित्र पाठवला, सासूची फिरकी घ्यायला. म्हटलं, बघू कुठवर नाटक करतो. कोट काढून दिला. त्याने घातला. मी चाळीस वर्षं कोट शिवते, पहिल्या ट्रायलला एकही टाचणी लागली नाही असे दोन पाहिले. हा तिसरा. टेप लावली. छाती चाळीस. खांदा सतरा. बाहीसुद्धा मनगटावर बरोबर.

तो आरशात बराच वेळ बघत होता. “बरा आहे,” म्हणाला. “पुढच्या सोमवारी येतो.” कोट काढून हुकावर अडकवला आणि गेला.

रात्री जेवताना मी जावयाला म्हटलं, “तुमचा मित्र चांगली नाटकं करतो.”

“कुठला मित्र?”

जावई खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. कान साधे होते.

दुसऱ्या रविवारी माझा माणूस किल्ल्याच्या जिन्यावरून पडला. तीन गेले. मी चाळीसवर रेघ मारली, शेजारी सदतीस लिहिलं. सोमवारी तीनला तो आला, पाय पुसले, कोट घातला. कोट छातीत सैल झाला होता. टेप लावली. सदतीस.

माणसं आजारी पडतात, वाळतात. टायफॉइडने महिन्यात दोन इंच उतरलेला माणूस मी पाहिलाय. आठवड्यात तीन इंच पाहिला नव्हता, पण सगळं मीच पाहिलंय असं कुठे आहे? दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच टाचून घेतलं. तो गेल्यावर मी टेप पितळी पट्टीवर ताणून बघितली. बरोबर होती.

तिसऱ्या रविवारी सहा गेले. चौथ्या रविवारी सात. वहीत सदतीसनंतर एकतीस, मग चोवीस.

चोवीस छातीची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. त्यांच्या आया त्यांना हाताला धरून आणतात. हा माणूस मात्र तसाच होता. उंची तीच, खांदा सतराच, चेहरा तोच. डोळ्यांना काहीही फरक दिसत नव्हता. टेप फिरवली की चोवीस. आणि चोवीसला आत घेतलेला कोट त्याला अंगाबरोबर बसत होता. माझे डोळे एक सांगत होते आणि टेप दुसरं, आणि मी आयुष्यभर टेपचं ऐकलेलं आहे.

एवढा एक फरक होता. तो आता खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचा. श्वास वरच्यावर घ्यायचा.

“आणखी किती आत घ्याल?” त्याने विचारलं.

“कापड आहे तोवर,” मी म्हटलं. जीभ माझी अशी. तो हसला नाही. मलाही ते नंतर बरं वाटलं नाही.

मास्तर कोट हातात धरून म्हणाले, “बाई, छाती पोराची आणि लांबी बाप्याची. हा आहे तरी कोण?”

“तुम्ही शिवा.”

पाचव्या रविवारी फासे काढायच्या आधीच मी विषय काढला. “जावईबापू, झोपेचा तो जुना नियम काही वाईट नव्हता.”

औषधवाला म्हणाला, “आईंनी माघार घेतली. तारीख लिहून ठेवा.”

“माघार कसली? खेळ रटाळ झालाय म्हणून म्हटलं.”

“नाही, आई,” जावई म्हणाला. आवाज मऊच, पण मान ताठ. “तुम्हीच म्हणालात, हा तरी उसवू नका. नाही उसवणार.”

लेक नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत होती की मला पुढे बोलवेना. बारा वर्षं मी त्याला ताठ उभं राहायला सांगत होते. तो उभा राहिला तो नेमका इथे.

मग मी दुसरी वाट काढली. “नवा नियम करता येतो ना? मग माझा एक घ्या. कपडा शिवताना आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडतो. बाहेरून दिसत नाही, मापात धरत नाही. माणूस भरला की तेवढं उसवून वाढवता येतं. तशी प्रत्येकाच्या जिवाला माया ठेवा. शून्याच्या खाली.”

जावयाला फार आवडलं. औषधवाल्यालाही. माया चार जिवांची ठरली, प्रत्येकाला, एकदाच वापरायची. मी वहीच्या समासात बारीक चार लिहिलं. त्याच दुपारी किल्ल्याचं छत कोसळलं आणि माझ्या माणसाचे पंधरा गेले. नऊ उरले.

सोमवारी तो आला तेव्हा लेक खालीच होती. तो बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. लेकीने त्याला पाणी दिलं. दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला. गेल्यावर ती म्हणाली, “बिचारे. काय झालंय त्यांना?”

“तुला कसे दिसले?”

“कसे म्हणजे? चांगले धडधाकट दिसतात. पण बघवत नाही.”

म्हणजे तिलाही दिसत होता. मी वहीत बघितलं नाही. नऊ मला पाठ होतं.

पुढच्या रविवारी विहिरीतून काहीतरी वर आलं. काय ते मी नीट ऐकलं नाही, फासा बघत होते. पंधरा गेले. नऊ आणि मायेचे चार, तेरा. दोन कमी पडले.

“गेला,” औषधवाला म्हणाला, आणि टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं.

माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही. लेकीने ते पाहिलं असणार, कारण ती एकदम म्हणाली, “माझ्यातले घ्या. माझे छत्तीसच्या छत्तीस आहेत. अर्धे देते.”

“असा नियम नाही,” मी म्हटलं.

“करू की,” जावई म्हणाला. नवा नियम करायचा म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. “टेबलाशी बसलेला कुणीही आपला अर्धा जीव दुसऱ्याला देऊ शकतो. देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं.”

“नको,” मी म्हटलं. “ए, नको.”

पण वही उघडीच होती. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या रकान्यात, माझ्या आकड्यांखाली, तिच्या अक्षरात लिहिलं: लेकीकडून अठरा. मग हिशेब करून सोळा लिहिलं आणि गोल केला.

सोमवारी तो आला तो चालत आत आला, खुर्ची न धरता. गालांवर रंग होता.

“आज बरं वाटतंय,” म्हणाला.

सोळा. सात इंच सोडावे लागले. उसवलेल्या शिवणीच्या जागी सुईच्या भोकांच्या ओळी उमटल्या होत्या, एकीशेजारी एक, पाच ओळी. त्याने त्यावरून बोट फिरवलं, आंधळा अक्षरं चाचपतो तसं.

तो गेला आणि मी लेकीला हाक मारली. उत्तर आलं नाही. ती जिन्याच्या मध्यावर बसली होती, मांडीवर धुतलेल्या पडद्यांची पिशवी, आणि तोंडाने श्वास घेत होती.

“काही नाही गं. दम लागला. सकाळपासून इस्त्रीच जड वाटतेय.”

“ऊठ. नवा झगा शिवायचाय तुला. माप घेते.”

“माझं माप तुला माहीत नाही?”

“हात वर कर.”

टेप फिरवली. माझी लेक माझ्यासमोर उभी होती, दंड भरलेले, गळ्याखाली तीळ, सगळी जिथल्या तिथे. टेपवर अठरा होते.

तिने वाकून आकडा बघितला आणि हसायला लागली. “आई, तुझी टेप आखडली. धुतलीस की काय?”

मी टेप पितळी पट्टीवर ताणली. छत्तीसावर छत्तीस.

“हो,” मी म्हटलं. “आखडली.”

जावई जिथे काम करतो तिथे मी बारा वर्षांत कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले, चपला बदलायचंही सुचलं नाही. लांबट खोली, पाण्याचा नळ, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या तळाला नंबर. जावई पांढरा एप्रन घालून मशीनवर एक दात घासत होता.

“आई? इथे?”

“काल लेकीने दिलेले परत करायचेत.”

“दिलेला जीव परत घेता येत नाही. नियम आहे.”

“कधी केलात?”

“आत्ता सुचला.” हसला, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि मशीन बंद केली. “काय झालंय?”

काय सांगणार होते मी? माझी वही चुकली हे? चाळीस वर्षं ज्या वहीच्या जोरावर मी याच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवलं, त्या वहीत मीच नको ते लिहून बसले, हे? लेकीचं मापही सांगता आलं असतं. पण ते शब्द माझ्याच तोंडातून ऐकायची माझी तयारी नव्हती.

“परत करा म्हटलं ना,” मी म्हटलं. “उसवा. बाकी सगळं उसवता, हे एक उसवा.”

त्याने हात धुतले. सावकाश, एकेक बोट. “करतो. पण मग तुमचा माणूस मरतो, आई. सोळातून अठरा जातात.”

“मरू दे.”

त्याने एप्रनला हात पुसले. “लग्नाला बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा आमच्यात येऊन बसलात, त्या माणसामुळे. मला नाही मारवणार तो. असं करू. तिचे तिला परत, आणि वर एक नियम: शून्यावर कुणी मरत नाही. राहील आपला शून्यावर. नुसता राहील.”

माझ्या डोळ्यांसमोर जिना होता आणि जिन्यावर बसलेली लेक. तो काय म्हणतोय ते मी ऐकलं, पण हातात धरून उलटसुलट करून बघितलं नाही. कापड घेताना मी तसं कधी करत नाही.

“करा काय करायचं ते. आजच करा.”

त्याने संध्याकाळी वहीत लिहिलं. पेनाने लिहिलं. त्या वहीत पेनाची तेवढी एकच ओळ आहे. खाली गोल शून्य, सुबक, दातासारखं. लेकीने हसत हसत तिचं नाव खाली घातलं. त्याच संध्याकाळी मी तिला परत हात वर करायला लावले. छत्तीस. इस्त्री एका हाताने उचलून ती जिना चढून गेली, दोन दोन पायऱ्या.

मी त्या रात्री चांगली झोपले. हेही सांगायला हवं.

सोमवारी तीनला दारात पाय पुसल्याचा आवाज आला.

तो तसाच होता. उंची, चेहरा, ओले केस.

मी टेप घेतली. पाठीमागून पुढे आणली. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली. मध्ये काही नव्हतं. माझ्या बोटांना माझीच बोटं लागली.

तो समोर उभा होता. हात वर केलेले.

टेपखाली काही हलत नव्हतं.

“किती?” त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला नाही. कोट मास्तरांनी सकाळीच शिवून ठेवला होता, वहीत होतं तसा. पुढची बाजू मागच्या बाजूला लावून सरळ शिवलेली. त्यात हात घालायलाही जागा नव्हती.

त्याने तो घातला. कसा, ते मला विचारू नका, मी समोर उभी होते. बटणं लावली. आरशात बघितलं.

“जरा सैल होतोय,” तो म्हणाला.

त्याला आता एकोणीस सोमवार झाले. दर सोमवारी येतो, दर सोमवारी तेच सांगतो. मास्तर म्हणतात, बाई, यात आत घ्यायला काही उरलं नाही. मी म्हणते, घ्या. ते घेतात. पुढच्या सोमवारी परत तेवढं सापडतं. मी पानावर ‘कपडा दिला’ असं लिहून बघितलं. तो म्हणाला, अजून पूर्ण झालेला नाही ना. तक्रारीचा सूर नसतो. त्याला बरंही वाटत नाही आणि वाईटही. तीन ते चार बसतो आणि जातो. पाणी आता घेत नाही.

खेळ तेव्हाच थंडावला होता. औषधवाल्याला वेळ नव्हता, लेकीला कंटाळा आला.

आज सोमवार, आणि जावयाला सुट्टी होती. पावणेतीनला तो खाली आला, हातात नवे फासे, हिरवे. बाकावर मधोमध बसला.

“आई, नवा खेळ सुरू करायचा? जुनं सगळं सोडून देऊ. सगळे परत चाळीसवर. तुम्हाला हवे ते नियम.”

“आणि आठशे बारा?”

“तो आहेच की.” इतक्या मायेने हसला तो. “तो कुठे मेलाय?”

बोलता बोलता तो बाकाच्या एका कडेला सरकला, आलेल्याला जागा द्यावी तसा. शेजारी बघितलं नाही. फासे हातात खुळखुळवत बोलत राहिला.

तीन वाजले होते. मी आतल्या हुकाकडे बघितलं. हूक रिकामा होता.

हातातली कैची टेबलावर ठेवली.

“जावईबापू,” मी म्हटलं, “तुम्ही मनाने चांगले आहात, माझ्यापेक्षा चांगले. पण संपलेल्याला संपला म्हणायची धमक तुमच्यात नाही, आणि माझ्यात होती तेव्हा मी घाईत होते. त्याची शिवण मला मरेपर्यंत घालायची आहे. खेळ बंद. फासे उचला आणि वर जा. आणि उठताना जरा बेताने उठा, त्यांच्या कोटावर बसलात तुम्ही.”